पावणेदोन तासांवरचा मुलगा

“चाचा, थांबवा त्यायले... मले एकदा बाबाचं तोंड पाहू द्या,” प्रशांत नाल्याच्या पलीकडून ओरडत होता. मधे रपट्याच्या ठेंगण्या पुलावरून गळ्याएवढं पाणी. अलीकडे आम्ही, त्याच्या बापाला खांद्यावर घेऊन. नामदेवभाऊ आदल्या पहाटे गेला होता आणि त्या दमट उकाड्यात आणखी थांबणं शक्य नव्हतं. एरवी मी त्या पाण्यात दोन-चार हत्ती तरी वाहवले असते. त्या दिवशी वाढवून सांगायला काही उरलंच नव्हतं. आम्ही माती दिली. मुलगा पलीकडून पाहत राहिला.

याला आता महिना होऊन गेला. भामरागडच्या पुढच्या आमच्या गावात नामदेवभाऊचं शिलाईचं दुकान आणि माझं चपलांचं, मधे एकच भिंत. प्रशांत नोकरीसाठी बेंगलोरला गेला तेव्हा हा माणूस इतका खचला की एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावून बसला. मग त्याला हसवायचं काम माझ्याकडे आलं. मी विमानात बसलो ते आयुष्यात एकदा, बेंगलोर ते नागपूर, पण ती फेरी मी इतक्या वेळा सांगितली की तेवढी उड्डाणं त्या वैमानिकानंही केली नसतील. वैमानिक मागे येऊन मला विचारतो, सलीमभाऊ, जरा वारा पाहता का... खिडकीतून हात काढून मी ढग चाखतो, फिका लागतो... नामदेवभाऊ मशीन थांबवून म्हणायचा, “फेक, अजून फेक. कापड मी देतो.”

या सगळ्यात खरी गोष्ट एकच होती, तिकिटावर छापलेली. बेंगलोर ते नागपूर, वेळ पावणेदोन तास. नेमकी तीच त्यानं धरून ठेवली. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता सांगायचा, “चंद्रपूर दूर आहे बा. आमचा पोरगा जवळ राहते, बेंगलोरले.” जन्मभर मी थापा मारल्या, त्यानं कोणाचं काही बिघडलं नाही.

पावसाळ्यात त्याला ताप भरला, उतरेना. शांतावहिनी म्हणाल्या, प्रशांतला बोलावू. हा खाटेवरून म्हणतो, “काऊन? सुट्टी वाया जाईन त्याची. लागलं तं पावणेदोन तासात येते. सांग ना सलीम हिले.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. चंद्रपूरहून माल आणताना ज्या रस्त्यानं माझी कंबर मोडते, तो रस्ता त्या क्षणी मला आठवत होता. नागपूरपासूनचा आख्खा दिवस आठवत होता, हा नालाही आठवत होता. पण खाटेवरचा माणूस माझ्याकडे इतक्या भरवशानं पाहत होता... आणि मला टाळी घ्यायची सवय. मी म्हटलं, “हो वहिनी. तुमी चहा ठेवा, उकळेपर्यंत तो उतरते.” नामदेवभाऊ हसला. वहिनींनी हातातला फोन खाली ठेवला.

माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं आणि प्रशांत आला. चिखलानं मांडीपर्यंत भरलेला, आईजवळ जाऊन बसला. मी समोर. एवढं बोलणारा मी, शेवटी तोंडातून काय निघावं... ते आठवलं की आजही मान वर होत नाही. मी विचारलं, “विमान लेट झालं का रे?”

तो म्हणाला, “नाई चाचा. विमान वेळेवर होतं.”