ओपन स्पेसमधला विहार

“गुरुजी, ते दोघं दिसायलेत ना? त्यांनाही हाच कोपऱ्याचा प्लॉट पाहिजे. पण तुमी आधी आलात.”

हे मी बोललो तेव्हा आम्ही परभणीत, वसमत रोडच्या साइटवर उभे होतो. साइट म्हणजे चुन्याच्या रेघा मारलेलं रान. ते दोघं आमच्या जीपवाल्याचे मेहुणे. गिऱ्हाईक आलं की पावलांनी प्लॉट मोजत फिरायचं, एवढंच त्यांचं काम. मी सेल्समन होतो.

वाघमारे गुरुजी गंगाखेडकडच्या एका खेड्यात शाळेवर होते. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत त्यांचं तिथलं घर जाळलं गेलं. बायको-मुलींना घेऊन शहरात, आपल्या माणसांत राहायचं, हे त्यांनी ठरवलं होतं. पण माणूस चौकस.

“एन.ए. झालंय का?” त्यांनी विचारलं.

एन.ए. म्हणजे शेतजमिनीवर घरं बांधायची सरकारी परवानगी. ती नसेल तर प्लॉट कागदावरच राहतो. आमच्याकडं ती नव्हती. अर्जसुद्धा केलेला नव्हता.

“ऑर्डर निघायलीय,” मी म्हणालो आणि लेआउटचा नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला.

प्रत्येक लेआउटमध्ये थोडी जागा मोकळी सोडावी लागते. तिला ओपन स्पेस म्हणतात. आमच्या मालकाची शिकवण अशी, की त्या चौकोनात गिऱ्हाईक पाहून लिहायचं. कुणासाठी मारुतीचं मंदिर, कुणासाठी विठ्ठलाचं. नकाशाच्या प्रती ऑफिसात ढीगभर होत्या. गुरुजी येणार म्हणून एका प्रतीवर मी सकाळीच ‘बुद्धविहार’ लिहून ठेवलं होतं. भेटल्याबरोबर ‘जयभीम’ म्हणायलाही विसरलो नव्हतो.

गुरुजींनी त्या चौकोनावर बोट ठेवलं. त्यांच्या पत्नी कमलबाई वाकून पाहू लागल्या. त्यांचे डोळे भरून आले.

“भाऊ, हितं खरंच विहार होणार हाय?”

“होणार म्हणजे काय! तुमच्या दारातून दिसंल.”

एन.ए.चा विषय तिथंच संपला. दुपारी बुकिंग झालं. मी लय खूश होतो, हेही सांगितलं पाहिजे.

पुढचं मात्र अजून सलतं. गुरुजींनी तो नकाशा सोयऱ्याधायऱ्यांना दाखवला. त्यांच्या शब्दावर आणखी दहा घरांनी प्लॉट घेतले. मला एकाच्याही दारात जावं लागलं नाही.

दोन वर्षं झाली तरी ऑर्डर निघाली नाही. मूळ शेतकऱ्यानं रानात पुन्हा कापूस लावला. आमच्या मालकानं ऑफिसला कुलूप घातलं. मी बियाण्याच्या दुकानात नोकरीला लागलो. गुरुजी शोधत तिथं आले.

“साहेब, आमचा प्लॉट गेला तो गेला. पण आमचे लोक म्हणायलेत, गुरुजीनं कमिशन खाल्लं, नकाशावर विहार यांनीच लिवला. एकदा चला आन् ‘विहार मी लिवला’ म्हून त्यांना सांगा. बाकी काई नको.”

“रविवारी येतो,” मी म्हणालो.

गेलो नाही. मार बसेल म्हणून गेलो नाही, असं बरीच वर्षं स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे कमलबाईंसमोर उभं राहायची माझी हिंमत नव्हती. नंतर कळलं, गुरुजींनी येलदरीकडं बदली मागून घेतली. शहरात आपल्या माणसांत राहायचं राहूनच गेलं. आणि ती माणसंही त्यांची उरली नव्हती.

जमीन घेणाऱ्यांनी आधी एन.ए.ची ऑर्डर हातात घेऊन वाचावी. ती नसेल, तर विकणारा कितीही आपुलकीनं बोलत असला तरी उठून यावं. मी फार आपुलकीनं बोलायचो.