घाबरट सिस्टर

भीती वाटली की सिस्टर मोठ्यानं बोलायच्या. पाल दिसली तरी अख्ख्या आळीला कळायचं. पोलीस, भटकी कुत्री, एसटीतले कंडक्टर, सगळ्यांची त्यांना भीती. आणि अशा बाईनं काय करावं? तुरुंगातून सुटलेल्या बायकांना आपल्या घराच्या मागच्या खोलीत ठेवून घ्यावं!

सिस्टर बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, आणि एकट्या. दवाखान्यात बाळंतपणं करण्यात जन्म गेला, मग निवृत्त झाल्या. “अर्धं पनवेल मी उलटं धरून रडवलंय,” म्हणायच्या.

मी तेव्हा समाजकार्याची विद्यार्थिनी. जाड खादीचा कुडता, खांद्याला झोळी, आणि जग माझीच वाट बघत थांबलंय अशी चाल. नव्वदच्या आसपासची गोष्ट. अभ्यासाचा विषय होता, कोर्टकचेरीत नि तुरुंगात अडकलेल्या स्त्रियांना समाजातून मिळणारा आधार. पनवेलभर हिंडून असा आधार एकच सापडला, तो म्हणजे सिस्टर. पहिल्याच भेटीत मी गंभीर चेहरा करून विचारलं, “आपल्या कार्यामागची प्रेरणा काय?”

“प्रेरणा कसली गं? कोर्टाच्या पायरीवर एक बाई बसली होती. सुटली होती, पण न्यायला कुणीच आलं नव्हतं. म्हटलं, चहा पाजू. ती पावसाळाभर राहिली.”

मग हिराचं प्रकरण आलं. ही नेऱ्याकडची. नवरा विहिरीत पडून गेला आणि सासरच्यांनी हिनंच ढकलला म्हणून केस केली. तिला जामीन मिळाला तो शुक्रवारी, कागद पुरे होऊन ती कोर्टाबाहेर आली तेव्हा दिवस मावळला होता. सिस्टर आणि मी तिला न्यायला गेलो होतो, तर समोर जीप लावून तिचे दोघे दीर उभे. तिला घरी न्यायचंय म्हणत होते. पण त्या घरी गेली तर ही पुन्हा कुणाला दिसणार नाही, हे त्यांच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं. मी शहाणपणानं आधीच रिक्षा थांबवून ठेवली होती.

सिस्टर रिक्षात बसेनात. “मी दिवा लावून आलेय. शब्बाथ लागला, आमचा विसाव्याचा दिवस. आता वाहनात बसायचं नाही.”

“सिस्टर, देव समजून घेईल हो!” मी रडकुंडीला आले.

“घेईल की. तुम्ही दोघी बसा. मी आपली चालत येते.”

हिरानं त्यांचा पदर घट्ट धरला. “मी सिस्टरसंगं.” एकटीनंच रिक्षात बसून जावं असं माझ्या मनात आलं नाही असं नाही. पण रिक्षावाला त्या दिरांना हात करताना दिसला आणि मला चालण्याची गोडी लागली.

आम्ही भर बाजारातून निघालो. मागून जीप, पायांच्या गतीनं. सिस्टरांचा हात माझ्या हातात ओलाचिंब होता, आणि आवाज चढत होता. “काय रे इस्माईल, मुलगी दूध पिते ना आता?” “शेटजी, सुनेला जिने चढू देऊ नका हं!” दुकानातून कुणी विचारी, “कुठं निघालात, सिस्टर?”

“घरी! ही हिरा. माझ्याकडे राहायला आलीय. आणि ते मागे येतायत ना, ते हिचे दीर!”

असं म्हटलं की सगळं दुकान वळून जीपकडे बघायचं. इस्माईल गल्ला भावावर सोपवून आमच्याबरोबर चालू लागला. शेटजीही धोतर सावरत आले.

दारापाशी थोरला दीर उतरला. “हिरे, चल. आई वाट बगते. आमी काय खातो काय तुला?”

सिस्टरांनी तोंड उघडलं, तोच हिरा पुढं झाली. “माज्याशी बोल. मी नाय येत. बोललं ना एकदा, नाय येत.”

त्यानं इस्माईलकडे पाहिलं, शेटजींकडे पाहिलं. “बगू,” म्हणाला आणि जीप वळवली.

आत येऊन कडी लावली नि सिस्टर जमिनीवरच बसल्या. हिरा त्यांचे पाय चेपत राहिली. मी मात्र धीरानं वागले. मोरीत जाऊन उलटी केली.

हिरा पुढं निर्दोष सुटली. उरणला बहिणीकडे गेली, मासळी विकायला लागली. माझा अहवाल झाला, लग्न झालं आणि सासर निघालं पनवेलचंच. सिस्टरांचे भाऊबंद एकेक करून इस्रायलला गेले होते. शेवटी भाच्यांनी त्यांनाही बोलावलं. जाण्याआधी त्या माझ्याकडे आल्या, घरभर हिंडल्या, आणि परसातल्या खोलीच्या दारात थांबल्या.

“ही रिकामीच असते?”

मी काय ते ओळखलं. “सिस्टर, मला नाही हो जमणार. मला फार भीती वाटते.”

“वाटते ना? मग चालेल. भीती न वाटणारीच्या घरी मी कुणालाच पाठवणार नाही. ती दार उघडं टाकून झोपायची.”

त्या गेल्यावर काही दिवसांनीच तुरुंगातून सुटलेली एक बाई सिस्टरांचं नाव सांगत आली, हातात कापडी पिशवी घेऊन. मी खोलीची कडी आतून लावली, ओढून बघितली, पुन्हा बघितली. मग तिच्यासमोर चहा ठेवला आणि शेजारी बसले. परसात कुणाचं तरी पाऊल वाजलं आणि आम्ही दोघींनी एकमेकींचा हात धरला.