तेगानने मागितलेला प्रवास

तेगान माझ्याकडे राहायला आली तेव्हा तीन जिने चढेपर्यंत तिचा जीव अर्धा झाला होता. दारातच बसली, बूट काढायचंही त्राण नाही. इतक्या उंचावरच्या ला पाझची हवाच अशी पातळ. नव्या माणसाला ती आधी लोळवते आणि मग नाव-गाव विचारते. मी तिला कोकाच्या पानांचा चहा दिला. तो पिऊन झोपली ती थेट दुसऱ्या दिवशी दुपारी उठली.

"दोन्या हर्मिनिया, मला स्वप्न पडलं, मी ढगांच्या वर झोपलेय." मोठ्या बाईला इथे मानाने दोन्या म्हणतात, तेवढं ती शिकून आली होती.

"स्वप्न कसलं पोरी, खिडकी उघड."

खाली खरंच ढग होते. सगळं शहर त्यांत बुडालं होतं. केबलला टांगलेल्या गाड्या तेवढ्या आवाज न करता वर यायच्या आणि पुन्हा ढगात जायच्या. ती खिडकीशी उभी राहिली ती चहा गार होईस्तोवर. तेव्हाच मला वाटलं, ही पोर आपल्याला लळा लावणार. आणि मला नको होतं ते.

ती वेल्समधल्या कुठल्याशा पावसाळी गावची. इथल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये वर्षभर इंग्रजी शिकवायला आलेली. एवढ्या लांब कशाला, असं एकदा विचारलं, तर म्हणाली, "माझ्या गावात मी पुढे काय करणार ते माझ्याआधी सगळ्यांना ठाऊक होतं." मला पटलं ते. इथे तिचं पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिलासुद्धा.

मी कोपऱ्यावर सकाळी आपी विकते. जांभळ्या मक्याचं गरमागरम, दालचिनी घातलेलं. ते प्यायल्याशिवाय आमच्या गल्लीत कुणाची सकाळ उजाडत नाही. नवरा जाऊन जमाना झाला, मूलबाळ नाही. तोंड माझं तिखट, भाडेकरू टिकत नाहीत. हृदय अलीकडे कुरकुर करतं. डॉक्टर म्हणतो, खाली राहायला जा, जाड हवेत. मी म्हणते, तू जा.

शनिवारी तेगान माझ्या स्वयंपाकघरात शिकवायची. घड्याळं दुरुस्त करणारे डॉन फ्रोइलान, एक नर्स, बाजारातल्या दोघी-तिघी. पुस्तक मिटून ठेवायची आणि म्हणायची, "डोळे मिटा, कुठे जावंसं वाटतं ते इंग्रजीत सांगा." नर्स कुठल्याशा बर्फाच्या देशात जायची, बाजारवाल्या समुद्रात पाय बुडवून बसायच्या. फ्रोइलान डोळे मिटले की घोरायला लागायचे.

"मिस, ते पोचले," नर्स म्हणायची.

मी बटाटे सोलत बसायचे. भाषा एक अक्षर कळत नव्हती, पण ते सगळे डोळे मिटून हळूहळू काहीबाही पुटपुटायचे ना, ते ऐकत राहावंसं वाटायचं. बाहेर पाऊस, आत भांड्याला वाफ, आणि माणसं बसल्या जागी कुठल्या कुठे गेलेली.

जानेवारीत तिचं वर्ष संपत आलं. इन्स्टिट्यूटवाले म्हणाले, राहा. ही गप्प. मला विचारायचं होतं, राहतेस का गं? पण जीभ रेटेना. मी कोण विचारणारी? घरमालकीण. आणि नाही म्हणाली असती तर?

मग अलासितास आली. त्या दिवशी आमच्याकडे जत्रेत सगळं इवलंइवलं विकतात. बोटभर घर, काडेपेटीएवढी मोटार, नखाएवढ्या नोटा. जे हवं ते घ्यायचं, भर बारा वाजता धूप दाखवून घ्यायचं, की आमचा भरभराटीचा देव, एकेकोबाबा, वर्षभरात ते खरंखुरं देतो. लहानपणापासून पाहतेय, देतो तो. मी तेगानला घेऊन गेले. गर्दी ही एवढी, धूर डोळ्यांत, देवळाच्या घंटा एकदम सुरू झाल्या. मी वळून बघते तर ही पोर मंत्र म्हणणाऱ्या बाबासमोर हसत उभी. तळहातावर एक तपकिरी सुटकेस, अंगठ्याएवढी. बाबाने तिच्यावर धूप फिरवला, पाकळ्या टाकल्या, दारू शिंपडली.

मागितलंन् हिने. जायचं मागितलंन्.

आता आमच्यात एक आहे, एकेकोकडे कुणी काही मागितलं की मध्ये बोलायचं नाही. माणसाच्या मागण्याला नाट लावायचा नसतो. मी मुकाट घरी आले. फ्रोइलाननी पाहिलं होतं, त्यांनी नर्सला सांगितलं, तिने बाजारात. शनिवारी फ्रोइलान स्वतः दुरुस्त केलेलं घड्याळ घेऊन आले, आठवण म्हणून. बाजारवाल्यांनी लोकरीची टोपी आणली. सगळे हळू आवाजात बोलत होते, घरात कुणी आजारी असावं तसे. मी तर तिच्याशी धड बोलतच नव्हते. सूप पुढे आदळायचं आणि आत निघून जायचं.

अखेर एका सकाळी ती माझ्या आपीच्या भांड्याशी येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

"माझं काही चुकलं का? सगळे मला निरोप देतायत. मी जावं असं वाटतंय का तुम्हाला?"

"मला? अगं तूच चाललीस ना! बॅग मागितलीस, धूप दाखवलास, आणि वर मलाच विचारतेस?"

"ती होय? कानातले ठेवायला घेतली मी! छोटीशी, गोड दिसली म्हणून. आणि धुपाचा वास आवडला."

फ्रोइलान पेला हातात घेऊन उभे होते, त्यांना ठसकाच लागला. कपाळ माझं! कानातले ठेवायला! मी हसले, मग रागावले, मग पुन्हा हसले.

"मला राहायचंय," ती म्हणाली. "तुमच्यापैकी कुणी राहा म्हणेना, म्हणून गप्प होते."

पण मागितलेलं काही परत घेता येत नाही. एकेको काय दुकानदार आहे? वर्षभरात तिला जावं लागलं असतं, या ना त्या कारणाने. त्यातून सुटायची एकच वाट होती. वस्तू दुसऱ्याला दिली की तिच्यातलं मागणं त्याला लागू होतं. मी तिला तेवढं सांगितलं आणि हात पुढे केला.

"मला दे."

"दोन्या हर्मिनिया, नको," फ्रोइलान म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"तुम्ही आपी प्या."

म्हाताऱ्या माणसाला बॅग मिळाली की ती कुठल्या प्रवासाची, हे आमच्या गल्लीत पोरासोरांनाही कळतं. तेगानला कुठून कळणार? तिने हसत खिशातून काढून ती माझ्या तळहातावर ठेवली आणि इन्स्टिट्यूटमध्ये सही करायला पळाली. मला भीती नाही वाटली, खोटं कशाला बोलू. बरं वाटलं. पोर राहणार होती. त्यानंतर रोज सकाळी जाग आली की आधी वरच्या खोलीत तिची पावलं वाजताहेत का ते ऐकायचे, आणि म्हणायचे, आजचा दिवस मिळाला.

कार्निव्हलच्या आधी एके दिवशी ती माझा कोट घेऊन समोर उभी. "उठा. बसची तिकिटं काढलीत."

"वेड लागलंय का? माझी आपी कोण विकणार?"

"फ्रोइलान."

"ते? ते भांड्याशीच घोरतील!"

पण ऐकते कोण. बस निघाली. पठारावर लामांचे कळप, मिठासारखे पांढरे डोंगर, मग सीमा, आणि मग रस्ता जो खाली उतरायला लागला तो उतरतच राहिला. हवा जाड होत गेली. छातीवरून कुणी धोंडा उचलावा तसं झालं मला. तेगानच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले. किती वर्षांनी अशी झोप लागली असेल.

सकाळी ती मला हाताला धरून वाळूवर घेऊन गेली. समोर समुद्र. जन्मात पाहिला नव्हता मी. नुसतंच पाणी, आणि त्याला दुसरी बाजूच नाही. लाट आली आणि माझे बूट भिजवून गेली.

"झाला," तेगान म्हणाली.

"काय झाला?"

"तुमचा प्रवास. बॅगेतला. केलात तुम्ही, संपला. आता दुसरा कुठला करायचा नाही." ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "फ्रोइलाननी सांगितलं मला. मी खोलीसाठी राहिले का हो तिथे? तुम्हीच नसाल तर मी राहू कशाला?"

मी तिला चांगली झापणार होते. मोठी आली मला सोडवणारी! तोंड उघडलं, तर रडूच आलं. नवरा गेल्यापासून मला कुणी अडवलं नव्हतं, कशालाच.

तिने माझे भिजलेले बूट काढले, वाळू झटकली.

"राहाल ना?" तिने विचारलं.

जानेवारीभर हाच प्रश्न माझ्या ओठांवर होता, तिला विचारायचा. मी हो म्हटलं.