मेतकुटाची बरणी

शाळा सुटायच्या वेळी पोरांना रस्ता ओलांडून द्यायला मधुमती सबनीस पिवळाधमक लांब कोट घालून, हातात 'स्टॉप'ची गोल पाटी धरून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या, की इंग्लंडातल्या वॉटफर्डची डबलडेकर बससुद्धा गुमान थांबायची. थांबायचा नाही तो एकच माणूस, आणि तो घरी होता.

पुरुषोत्तमांचा उभा जन्म प्रेसमध्ये छपाईतल्या चुका हेरण्यात गेला होता. रिटायर झाले आणि ती नजर बायकोच्या ताटावर येऊन बसली. कारणही तसंच होतं. गेल्या दोनेक वर्षांत मधुमतीबाईंचा चेहरा टम्म पुरीसारखा फुगला होता, पोट सुटलं होतं. मग डायबेटिस आला, पाठोपाठ ब्लड प्रेशर. गोळ्या वाढत गेल्या, साखर काही हलेना. पुरुषोत्तमांनी भात बंद केला, लाडवांचा डबा शेजारच्या जोनला देऊन टाकला, आणि फडताळातले सगळे डबे उघडून पाहिले. कुठेच काही सापडलं नाही, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली.

"चोरून खातेस तू," ते म्हणाले. "हवा खाऊन कोणी फुगत नाही."

खाण्यातलं मधुमतीबाई काही लपवत नव्हत्या. भूक सारखी लागायची, ती मात्र खरी. लपवत होत्या ते गुडघे.

गुडघे गेले म्हटलं, की कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, पाटी काढून घेणार, आणि पुरुषोत्तम म्हणणार, 'बरं झालं, बस आता घरात.' त्या चौकात त्यांना नावानं ओळखणारी शंभर पोरं होती. घरात ओळखणारा एक, तोही डबे उघडणारा. म्हणून कोल्हापूरच्या वहिनीनं सांध्यांवरची पूड पाठवली, ती त्यांनी मुकाट मधातून घेतली. आठवड्यात पाय मोकळे झाले. तेव्हापासून तिकडून जो कोणी येई, त्याच्या बॅगेत गोड्या मसाल्याशेजारी त्या पुड्या असायच्याच. इकडे आल्या, की मेतकुटाच्या बरणीत रिकाम्या व्हायच्या. मेतकुटाच्या वासानंच पुरुषोत्तमांना मळमळायचं. ती बरणी ते कधी उघडणार नव्हते.

फेब्रुवारीत नेहमीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी इन्शुलिनचा विषय काढला आणि डायबेटिस नर्सकडे पाठवलं. नर्स निघाली सीमा कर्णिक. जन्म इथलाच, मराठी अडखळत, पण बोलायची हौस दांडगी. पुरुषोत्तम शेजारच्या खुर्चीत बसून बायकोची केस मांडू लागले, तोवर सीमाचं लक्ष मधुमतीबाईंच्या मनगटावर गेलं होतं.

"काकू, हे निळं कशानं?"

"आपटलं नाही गं कुठे. नुसतं धरलं तरी उमटतं."

सीमानं त्यांचा दंड हलकेच चाचपला. "सगळा वेट पोटावर आणि फेसवर. हात-पाय तर बारीक झालेत. नुसतं खाऊन असा नाही होत, काका."

औषधं कोणती, असं विचारल्यावर मधुमतीबाईंनी कॉम्प्युटरवर होती तीच धडाधडा सांगितली. सीमानं पेन खाली ठेवलं.

"माझी आजी एजवेअरला असते," ती म्हणाली. "तिच्या किचनमध्ये एक ड्रॉवर आहे. इंडियातून कोण आला, की त्यात काहीतरी जातो. तुमचा ड्रॉवर कुठे आहे, काकू?"

मधुमतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. "ड्रॉवर नाही. बरणी आहे," त्या म्हणाल्या. "पण ते औषध नाही गं. आयुर्वेदिक आहे."

"कुठली बरणी?" पुरुषोत्तमांनी विचारलं. उत्तर कळलं तसे ते तडक घराकडे निघाले. घरात शिरले ते कोटासकट स्वयंपाकघरात, आणि बरणी सिंकमध्ये उपडी करणार, तोच मधुमतीबाईंनी त्यांचा हात धरला. सीमानं निघताना बजावलं होतं, की पूड इकडे आणा, पण तपासल्याशिवाय एकदम सोडू नका.

हॉस्पिटलात तपासल्यावर पुडीत स्टेरॉइड निघालं. हॉस्पिटलच्या डॉक्टरांचं म्हणणं सीमानं घरगुती करून सांगितलं. आपलं शरीर ज्या जातीचं हॉर्मोन स्वतः बेतानं बनवतं, त्याच जातीचं हे, पण ओंजळीनं ओतलेलं. त्यानंच दुखणं दबतं, भूक खवळते, साखर चढते, चरबी पोटावर आणि गालांवर बसते. बाहेरून एवढं आयतं येतंय म्हटल्यावर शरीरातला कारखाना झोपी जातो. पूड एकदम बंद केली तर माणूस कोसळायचा. म्हणून आता मोजून गोळ्या द्यायच्या, आणि त्या हळूहळू कमी करत आणायच्या.

मधुमतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना एकच विचारायचं होतं. "आणि गुडघे?"

"दुखणार, काकू," सीमा म्हणाली. "आय अ‍ॅम सॉरी."

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्यासमोरच कौन्सिलच्या माणसाला फोन लावला. दोन वर्षं पोटात ठेवलेलं सगळं त्याला सांगितलं. तो बिचारा भला निघाला. आधी बरं व्हा, फिजिओला दाखवा, आणि पाय साथ देतील तेव्हा फक्त दुपारची पाळी करून बघू, असं म्हणाला.

उन्हाळा आला तोवर गालांखालून मधुमतीबाईंचा जुना चेहरा वर आला होता. साखर पुरती गेली नव्हती, पण उतरली होती, आणि इन्शुलिनचं नाव मागं पडलं होतं. गुडघे मात्र बोलत होते. पाळीच्या पहिल्या दुपारी पुरुषोत्तम घडीची खुर्ची काखेत मारून मागोमाग आले आणि कठड्याशी उभे राहिले. मधुमतीबाई सावकाश मधोमध गेल्या, पाटी उभी केली. बस थांबली. पोरं त्यांच्या चालीनंच रस्ता ओलांडू लागली. मागच्या गाडीवाल्यानं भोंगा वाजवला, तेव्हा पुरुषोत्तमांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू पहिल्याच पानावर चूक सापडली होती.

परतताना ते म्हणाले, "ती बरणी धुऊन ठेवलीय मी. मेतकूट कर उद्या. मऊ भाताचे दोन घास चालतील तुला, सीमाला विचारलंय."

"तुम्हाला तर वासही सोसत नाही."

"नाहीच सोसत," ते म्हणाले. "पण खाईन. म्हणजे बरणी रोज उघडली जाईल."