पत्रकाआडचा प्रश्न

ताज्या छापलेल्या पत्रकांच्या शाईचा वास आला की नवागाम या यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतली आमची खोली आठवते. कानांवर संशोधन करणाऱ्या एक बाई घरी आल्या होत्या. मी अकरावीत होते आणि पहिला मोर्चा करून आले होते.

"अभ्यासाला सगळे येतात, लूमचा आवाज कमी करायला कुणी येत नाही," मी तोंडावर म्हणाले.

"खरंय," म्हणत त्यांनी वडिलांना विचारलं, "ऐकू येतं ना नीट?"

"माले बठ्ठं ऐकू येस."

बाईंनी माझ्या हातातलं पत्रक घेऊन तोंडासमोर धरलं. "जेवलात का?" वडील नुसते बघत राहिले. वडील लूमवर कामाला होते, आणि तिथल्या खडखडाटात सगळे ओठ वाचूनच बोलतात. घरीही ते तेच करत होते आणि आम्हाला पत्ता नव्हता.

"आधी शब्द कळेनासे होतात, आवाज नंतर जातो. आम्हालाही हे अलीकडेच कळलं," बाई म्हणाल्या.

माझा राग अजून तसाच आहे. पण आता प्रत्येक पत्रकाच्या शेवटी मी छापते: तोंडासमोर हा कागद धरा आणि घरच्यांना काहीतरी विचारा. पत्रकांच्या घड्या वडीलच घालतात, कानात मशीन लावून. मी घोषणांचा सराव करायला लागले की म्हणतात, "हळू बोल, मी काय बहिरा शे?"