नव्वद नव्हे, साठ!

छोट्या दाव्यांच्या कोर्टात त्या सकाळी पुकारा झाला आणि आमचे भावोजी सवयीने डावीकडे, म्हणजे पैसे मागणाऱ्यांच्या बाजूला, जाऊन उभे राहिले. शिपायाने हळूच त्यांचा कोट ओढला.

"साहेब, आज उजवीकडे."

बावीस वर्षांत जे कधी घडलं नव्हतं ते घडत होतं. बाकांवरची माणसं आ वासून बघत राहिली. माझ्या शेजारी भावोजींचं जुनं गिऱ्हाईक, एक दंतवैद्य, बसला होता. त्याने स्वतःचाच जबडा असा उघडा टाकला की आतल्या दाढा मोजता आल्या असत्या. माझी अवस्था काही निराळी नव्हती. पैसे बुडवल्याचा दावा, आणि तो भावोजींवर! आगीच्या बंबानेच पेट घ्यावा तसला प्रकार.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. ते वकील नाहीत. वकिलीच्या परीक्षेने त्यांना तीनदा नापास केलं, मग त्यांनी तिला एकदाच, पण कायमचं नापास केलं. या कोर्टात वकील लागतही नाही. ज्याचे पैसे अडकलेत त्याने अर्ज भरायचा, कागद जोडायचे आणि आपली बाजू आपणच सांगायची. पण सुताराला रंधा मारता येतो, अर्ज भरता येत नाही. म्हणून तो भावोजींकडे येतो. कोर्टासमोर इस्त्रीच्या दुकानावर त्यांची खोली आहे. दोन खुर्च्या, एक बाक, चोरी होऊ नये म्हणून टेबलाला दोरीने बांधलेला स्टेपलर, आणि कोपऱ्यात एक प्रिंटर, जो प्रत्येक कागदाच्या डाव्या कडेला एक राखाडी रेघ फुकट देतो. प्रिंटरपाशी ताई. टायपिंग, टपाल, पावत्या आणि भावोजी ही चारही खाती तिच्याकडे.

गिऱ्हाईक जिना चढून आलं की भावोजींचा पहिला प्रश्न, "कागद आहे?"

बहुतेकांकडे नसतो. "अहो, ओळखीतला माणूस. कागद कसा मागणार?"

"सख्खा भाऊ असला तरी कागद घ्यावा!" भावोजी असे गरजतात की खाली इस्त्रीवाल्याचा हात थांबतो.

मग त्यांची ती ठेवणीतली युक्ती. चाळीस हजार येणं असेल, तर समोरच्याला सत्तर मागणारं पत्र धाडायचं. चाळीसचं पत्र आलं तर माणूस त्याचा बोळा करून गप्प बसतो. सत्तर वाचलं की तळपायाची आग मस्तकात जाते आणि तो तडक लिहायला बसतो, "साफ खोटं! मी फक्त चाळीस घेतले होते!" खाली झोकदार सही. झाला कागद!

"माणूस कर्ज पचवतो," भावोजी सांगतात, "पण चुकीचा आकडा त्याला पचत नाही. आकडा दिसला की त्याला बाकी काहीच दिसत नाही."

हे वाक्य ऐकून ऐकून पाठ झालेल्यांत अक्काही होती. अक्का म्हणजे भावोजींची थोरली बहीण. ती शाळेच्या गणवेशांना काजबटणं करून देते. एकेक काज हाताने. दर शनिवारी भावाच्या खोलीत यायची आणि बाकावर बसून त्याच्या कोटाची बटणं घट्ट करायची. खोलीच्या मालकाने अनामत वाढवून मागितली तेव्हा तिने काजाच्या मशीनसाठी साठवलेले साठ हजार भावाच्या हातावर ठेवले होते. भावाने पाच परत केले, आणि नंतर दोन वर्षं फक्त आश्वासनं दिली.

"अरे, माझ्या मशीनचं बघ ना. डोळे आता दोऱ्याचं ऐकत नाहीत."

"अगं अक्का, आपल्या माणसांत हिशेब कसला? देईन की!"

कागद? छे! सख्खा भाऊ होता ना.

आणि मग एका दुपारी अक्काचं पत्र टपालाने आलं. मी तिथेच चहा पीत होतो. 'नव्वद हजार पंधरा दिवसांत न दिल्यास दावा दाखल करीन.' भावोजी टोमॅटोपासून सुरू झाले आणि वांग्यापर्यंत पोचले.

"नव्वद? नव्वद? साठ दिले होते तिने! त्यातले पाच मी परत केलेत! अगं, घे, टाइप कर!"

ताईने शांतपणे टाइप केलं. मधे एकदाच विचारलं, "'फक्त साठ'मधलं 'फक्त' अधोरेखित करू?"

"दोनदा कर!"

"रजिस्टरने पाठवू?"

"पोचपावतीसकट!"

मी चहाचा घोट तोंडातच धरून बसलो. बोलावं की न बोलावं ते ठरेपर्यंत पाकीट टपालात पडलंही होतं.

तर आता कोर्टात न्यायाधीशबाईंनी दोन्ही पत्रं समोर धरली.

"दावा पंचावन्न हजारांचा. मग पत्रात नव्वद कसे?"

"चुकलं बाई," अक्का अत्यंत गरीब चेहऱ्याने म्हणाली. "माझं गणित पहिल्यापासून कच्चं."

दंतवैद्याला ठसका लागला. त्याचंही गणित याच कोर्टात दोनदा कच्चं निघालं होतं.

"आणि हे उत्तर? सही तुमची?"

भावोजींचा हात कोटाच्या बटणाशी गेला. नाही म्हणाले असते, तर अक्काकडे दुसरा पुरावा नव्हता. मशीन गेलंच. हो म्हणावं, तर बावीस वर्षांची अब्रू त्याच दंतवैद्यासमोर धुळीला मिळणार.

"शिवाय," बाई चष्मा सावरत म्हणाल्या, "दोन्ही कागदांना डावीकडे सारखीच रेघ आहे. वादी आणि प्रतिवादी एकच प्रिंटर वापरतात का?"

भावोजी हळूहळू मागे, ताईकडे वळले. स्वतःच्या प्रिंटरची रेघ त्यांना दिसली नव्हती! आकडा दिसला होता ना.

"तू?"

"गिऱ्हाईक आलं, टाइप केलं," ताई बाकावरून म्हणाली. "फी घेतली, पावती दिली."

"अगं, पण मी तुझा नवरा!"

"म्हणून तर 'फक्त' दोनदा अधोरेखित केलं."

माझी ही ताई, जिला लहानपणी पत्त्यांत चोरून पाहताही येत नसे!

भावोजींनी अक्काकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर त्यांच्या कोटाच्या लोंबणाऱ्या तिसऱ्या बटणावर होती.

"सही माझी आहे," ते म्हणाले. "पंचावन्न बरोबर." मग राहवेना म्हणून पुटपुटले, "पत्र छान जमलंय."

दरमहा पाच हजार, अकरा हप्ते असा हुकूम झाला. तो हुकूम बघून दुकानदाराने अक्काला मशीन त्याच आठवड्यात हप्त्यांवर दिलं. तिने भावाचा कोट मागून नेला आणि शनिवारी परत आणला. फाटलेलं काज मशीनवर नवं करून आणलं होतं. खिशात बिल होतं. एका काजाचे दोनशे.

"दोनशे?" भावोजी उसळले. "बाजारात फक्त वी..." त्यांनी कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं.

ताईने मान वर केली. अक्काने दोरा तोडला.

भावोजींनी टोपण लावलं, पाकीट काढलं आणि दोनशे मोजून बाकावर ठेवले.