रोपवाल्या अक्कांची दुरुस्ती

रोपवाल्या अक्का कुठल्या गावच्या पेपरात जाणार, हे एसटी ठरवायची. पारोळ्याच्या स्टँडवर त्या घडी घातलेला कागद हातात धरून उभ्या राहत. धुळ्याची गाडी आधी लागली तर धुळ्याला, जळगावची लागली तर जळगावला. वर्तमानपत्रांची कार्यालयं दोन्हीकडे होतीच. "जी गाडी पहिले उनी, ती मन्ही," असं त्या म्हणत. मी तेव्हा धुळ्याच्या एका दैनिकात जिल्हा पानावर नवी उपसंपादक होते. एखाद्या दुपारी अक्का दारात दिसल्या की मला उगाच वाटायचं, आज गाडीनं आपल्याला कौल दिला.

पारोळ्याबाहेर रस्त्याला लागून त्यांची रोपवाटिका होती. सीताफळ, लिंबू, कढीपत्ता, मोगरा. जाणारे-येणारे गाडी थांबवून रोपं न्यायचे. मग नवा वळणरस्ता झाला, गाड्या लांबूनच निघून जाऊ लागल्या आणि अक्कांच्या फाटकाशी दिवसदिवस कोणी उतरेना. पेपरात नाव आलं की लोक शोधत येतात, असं त्यांना कोणीतरी सांगितलं. तेव्हापासून अक्का बातम्या देऊ लागल्या. त्या सांगत आणि त्यांची मुलगी मंगला गोलगोल अक्षरात उतरवून घेई.

तशा बातम्या मी पुन्हा कधी वाचल्या नाहीत. 'येथील रोपवाटिकेत बहाव्याला काल पहिली कळी दिसली. परिसरात समाधान व्यक्त होत आहे.' मी विचारलं, "अक्का, परिसरात म्हणजे नेमकं कोणाला?"

त्यांनी थोडा विचार केला. "मला," त्या म्हणाल्या. "आणि मंगलाले."

एकदा नुसतंच लिहिलं होतं, 'सीताफळाच्या बिया अद्याप उगवलेल्या नाहीत.' कागदावर पत्ता नसे, फोन नंबर नसे. रोपं कुठे मिळतील ते लिहा म्हटलं तर म्हणाल्या, "मंग ती जाहिरात हुई जाई ना." आमच्या कार्यालयात हा कागद हातोहात फिरायचा, सगळे हसायचे आणि शेवटी तो माझ्या टेबलावर यायचा. मी तो खणात ठेवायची. छापायला जागा नसे आणि फेकवतही नसे.

प्रसिद्धीसाठी येणारी इतर मंडळी रिकाम्या हातानं येत नसत. कोणी पेढे आणी, कोणी बॅग, कोणी घड्याळ. अक्कांनी मात्र आम्हाला कधी साधं तुळशीचं रोपही दिलं नाही. उलट आल्या की आमचाच चहा मागून घेत. "पेपरवाल्याले फुकट काही देऊ नई," असं त्यांचं म्हणणं. "त्याची जीभ जड हुई जाते." आमच्याशी शुद्ध बोलायचं ठरवून त्या सुरुवात करत आणि दुसऱ्याच वाक्याला अहिराणीवर घसरत.

शेवटी मीच एक दिवस पारोळ्याला गेले. भर उन्हाची वेळ होती, पण हिरव्या जाळीखाली शिरले आणि ऊन एकदम पाण्यातून आल्यासारखं मऊ झालं. अक्कांचा चेहरा, मंगलाचे हात, काळ्या पिशव्यांच्या रांगा, सगळं हिरवट दिसत होतं. कुठेतरी नळी ठिबकत होती. मी मोठ्यानं काहीतरी विचारलं तशी अक्कांनी ओठांवर बोट ठेवलं. कोरड्या मातीच्या पिशव्यांकडे पाहत हलकेच म्हणाल्या, "बिया निजेल शेतस. हळू बोल." मी किती वेळ तिथे बसले ते सांगता येणार नाही. परतीच्या गाडीत मला आपण झोपून उठल्यासारखं वाटत होतं.

त्या गुंगीतच मी लेख लिहिला. लेख चांगला झाला होता, हीच अडचण. अक्का मला म्हणाल्या होत्या, "एका सीताफळाले दोन वर्षांत फळ उनं होतं. देवाच्या मनात आलं म्हणून. बाकीच्यांना चार लागतात." मी लिहिलं, 'अक्कांच्या सीताफळाला दोनच वर्षांत फळ.' देव आणि बाकीची झाडं मी गाळली.

रविवारी लेख आला आणि दुपारपर्यंत फाटकाशी गाड्या लागल्या. नरडाण्याहून एक जण जीप घेऊन आला होता. मंगलानं मला नंतर सांगितलं, अक्का दारात खुर्ची टाकून बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणाल्या, "पेपरमा चुकीनं छापेल शे. चार वर्षं धरा." निम्मे लोक आल्या पावली परत गेले. जीपही रिकामी गेली.

दुसऱ्या दिवशी अक्का आमच्याकडे आल्या. त्या दिवशी जळगावची गाडी आधी लागली होती, ती त्यांनी सोडून दिली होती.

"दुरुस्ती छाप," त्या म्हणाल्या.

"अक्का, लोक येतायत ना! राहू द्या."

"पोरी, तू माझं भलं करायला गेली, मला माहीत शे. पण झाड काही पेपर वाचत नई."

मी उठून आत गेले. आमचे वृत्तसंपादक म्हणाले, "स्वतःच्या कौतुकाची दुरुस्ती मागणारी बाई मी आजवर पाहिली नाही. उगाच पेपरचं नाक कशाला कापायचं?" मी त्यांच्या टेबलापाशी उभीच राहिले. ते कंटाळले तेव्हा आतल्या पानाच्या कोपऱ्यात चार ओळी मिळाल्या.

पुढे पारोळ्याला गेले तेव्हा फाटकावर काहीतरी टांगलेलं दिसलं. मला वाटलं, माझा लेख. जवळ जाऊन पाहिलं, तर प्लास्टिकमध्ये घातलेली ती चार ओळींची दुरुस्ती होती. "लेखापेक्षा ही वाचूनच लोक जास्त थांबतात," मंगला म्हणाली. हळूहळू का होईना, गिऱ्हाईक वळलं. चार वर्षं धरून रोप नेणारी माणसं मोजकीच असतात, पण ती पुन्हा येतात. रोपवाटिका मोठी झाली नाही, बंदही पडली नाही.

गेल्या उन्हाळ्यात मंगलाचा फोन आला. अक्का गेल्या होत्या. "ताई, बातमी तुम्हीच लिहा," ती म्हणाली. मी तिला कितीतरी प्रश्न विचारले. एवढ्या दुःखात विचारू नयेत असे. सकाळी काय केलं, कोणाशी बोलल्या, शेवटचं काय म्हणाल्या. ती सावकाश सांगत गेली. अक्कांनी सकाळी मोगऱ्याला पाणी घातलं, मग जरा पडते म्हणाल्या, आणि उठल्या नाहीत. एवढंच मी लिहिलं. संगणकावर पान लावणाऱ्या सहकाऱ्यानं वर मथळा टाकला होता, 'हजारो झाडांची माय हरपली'. मी विचारलं, "हजारो कोणी मोजली?" मी मथळा बदलला : 'पारोळ्याच्या रोपवाल्या अक्कांचे निधन'.

छापण्याआधी फोनवर मंगलाला ओळ न् ओळ वाचून दाखवली. मग ती म्हणाली, "एक राहिलं, ताई. सगळ्या मोगऱ्याले नई घातलं. अर्ध्याच रांगेला घातलं होतं. बाकीचं मी घातलं."

मी 'अर्ध्या रांगेला' असं केलं आणि पुन्हा वाचून दाखवलं.

"आता सगळं बरोबर शे," मंगला म्हणाली, आणि मग रडली.